चौदा पायऱ्यांची बंदूक

परवा ड्रॉवर आवरताना प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेला एक कागद हाती लागला. वर ठळक अक्षरांत ‘घरात चोर शिरल्यास’ आणि खाली चौदा पायऱ्या. पहिली : ‘शांत राहा.’ दुसरी : ‘चष्मा लावा.’ तिसरी : ‘चोर हा चोरच आहे, ओळखीतला कोणी नाही, याची खात्री करा.’ बंदुकीचा पहिला उल्लेख नवव्या पायरीवर येतो. शेवटची पायरी ‘पोलिसांना फोन करा’ अशी आहे. तिला कोणीतरी बॉलपेनने गोल करून एक लांब बाण काढला आहे आणि तो थेट ‘शांत राहा’च्याही वर नेऊन सोडला आहे. तो बाण शालनकाकूंचा. बाकी कागद सरपोतदारकाकांचा.

काका प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती करत. दुसरी माझ्याकडे येई. ‘ऑफ-साइट बॅकअप’, असं ते मला म्हणत.

मी तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला होते. गावाबाहेर टेकडीवर जाणाऱ्या एका रस्त्याच्या टोकाला काकांचं घर होतं. त्याच्यापुढे फक्त जंगल. मुकुंद सरपोतदार या माणसाने चौतीस वर्षं एकाच कंपनीत सेफ्टी व्हॉल्व्ह डिझाइन केले. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे बॉयलरमधली वाफ हाताबाहेर गेली की आपण होऊन उघडणारी आणि एरवी जन्मभर काहीही न करणारी वस्तू. “माझे व्हॉल्व्ह जितके कमी उघडतील तितका मी यशस्वी,” असं ते सांगत. त्यांचं दुसरं आवडतं वाक्य असं : “डिझाइन करताना माणूस मूर्ख आहे असं धरून चालायचं. नंतर अपेक्षाभंग होत नाही.” हे ते कोणाकडेही रोखून न बघता म्हणत, त्यामुळे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते दुसऱ्याबद्दल वाटे.

उंची पाच फूट तीन इंच, बिनबाह्यांचा स्वेटर, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. घरातल्या प्रत्येक बटणाखाली, नळावर, खोक्यावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. तळघराच्या जिन्यात एक तुळई खाली आली होती, तिच्यावर पाटी : ‘डोके सांभाळा’. त्या घरात त्या तुळईला डोकं लागेल असा एकच माणूस येई, तो म्हणजे शेजारचा वॉल्ट. पाटी त्याच्यासाठी होती आणि मराठीत होती. वॉल्ट ती वाचायला म्हणून मान वर करी आणि आपटे.

वॉल्ट निवृत्त प्लंबर. सव्वासहा फूट, अस्सल शिकारी. हरणांच्या मोसमाच्या पहिल्या दिवशी तिकडच्या शाळांना सुट्टी असते. त्या दिवशी वॉल्ट पहाटे, दुसऱ्या शिकाऱ्याने हरीण समजू नये म्हणून, नखशिखांत नारिंगी होऊन निघे, आणि काका गॅलरीतून त्याला हात करत. काका शुद्ध शाकाहारी. या दोघांची पंचवीस वर्षांची मैत्री बर्फ आणि पाने-पकडी यांच्या जोरावर चालली होती. दर वर्षी वॉल्ट काकूंना हरणाच्या मांसाचे सॉसेज आणून देई. काकू ते दोन्ही हातांनी घेत, “थँक्यू वॉल्ट, सो काइंड,” म्हणत आणि संध्याकाळी मला फोन करत, “अगं, आलंय.” मी नागपूरची असल्यामुळे ते सत्कारणी लागे.

एका हिवाळ्याच्या शेवटी वॉल्ट गेला. महिन्याभराने त्याची मुलगी एक लांबट पेटी घेऊन काकांच्या दारात आली. “डॅडनं सांगून ठेवलं होतं, ही सार्पला द्यायची.” ‘सरपोतदार’मधलं वॉल्टला तेवढंच उच्चारता येई. आत वॉल्टची बारा बोअरची बंदूक होती. अक्रोडाचा दस्ता, अठ्ठावीस इंचांची नळी, पुढचा दांडा मागे-पुढे सरकवला की काडतूस चढणारी. काकांनी ती पेटी बाळंतिणीकडून मूल घ्यावं तशी घेतली, तळघरात नेली आणि तिच्यावर चिठ्ठी लावली : ‘वॉल्ट’.

ती तिथेच राहिली असती. पण ऑगस्टमध्ये वॉल्टच्या रिकाम्या घराचं गॅरेज कोणीतरी फोडलं आणि त्याचं बर्फ उडवायचं यंत्र, स्नोब्लोअर, नेलं. “ऑगस्टमध्ये स्नोब्लोअर चोरणारा माणूस दूरदृष्टीचा असला पाहिजे,” काका म्हणाले. पण काकूंनी ही बातमी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला, निखिलला सांगितली आणि निखिलचा व्हिडिओ कॉल आला. निखिल त्यांचा एकुलता एक. मी तेव्हा तिथेच चहा पीत होते.

“बाबा, इनफ. तुम्ही दोघं तिथे जंगलात एकटे. वॉल्ट पण नाही आता. घर विकायला लिस्ट करा आणि इकडे या. माझ्यापासून दहा मिनिटांवर सीनिअर अपार्टमेंट आहे. सिक्युरिटी, लिफ्ट, सगळं. मेंटेनन्सची झंझट नाही.”

“म्हणजे नळ गळला तर?”

“ॲपवर टाकायचं. माणूस येतो.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. फाशीची शिक्षा ऐकून न्यायाधीशाला ‘आणि जेवणात काय?’ असं विचारावंसं वाटणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. हे घर त्यांनी स्वतः पाइपपासून बांधून घेतलं होतं. त्यातला एकही नळ त्यांना न विचारता गळला नव्हता.

“तुझी आई काय म्हणते बघ,” ते म्हणाले.

काकू पोह्यांवर लिंबू पिळत होत्या. “मी काही ठरवलेलं नाही. बघू. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला येतोयस ना, तेव्हा सांगते.”

हे ‘बघू’ काकांच्या जिव्हारी लागलं. काकू ‘जाऊ या’ म्हणाल्या तर जावं लागणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्याकडे तीन महिने होते. फोन बंद झाल्यावर त्यांनी खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं, “घर सुरक्षित आहे हे सिद्ध करायचं. वॉल्टची बंदूक शिकारीची आहे. ती घरगुती वापरासाठी ॲडॅप्ट करायची.”

“घरगुती वापर म्हणजे?” काकूंनी विचारलं. “मिक्सरसारखा?”

काकांच्या मते पहिला प्रश्न लांबीचा होता. शिकारीची बंदूक उघड्या रानासाठी. ती घरातल्या वळणांत फिरेल का? त्यांनी बंदुकीच्या लांबीचा पडद्याचा दांडा कापून घेतला आणि तो खांद्याला लावून बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत चालायला सुरुवात केली. मी वळणावळणावर उभी राहून कोन लिहून घेत होते. पहिल्या वळणावर लग्नाचा फोटो पडला. दुसऱ्यावर काकूंची तुळस आडवी झाली. तिसऱ्यावर दांड्याचं टोक फ्रिजवरच्या बरणीला लागलं आणि लिंबाचं लोणचं खाली आलं.

“चोराला कशाला त्रास?” काकू म्हणाल्या. “घरातलं सगळं तुम्हीच फोडून टाका. तो रिकाम्या हातानं जाईल.”

निष्कर्ष निघाला : नळी दहा इंच जास्त लांब आहे. काकांनी हॅकसॉ काढला. नशिबाने कापण्याआधी ‘थर्ड पार्टी रिव्ह्यू’ घ्यायची त्यांना सवय होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते हायवेवर गाडी चालवत नसत, म्हणून मी त्यांना डोंगरापलीकडच्या डेलच्या दुकानात नेलं. डेल बंदुका दुरुस्त करी. दाढी छातीपर्यंत, आवाज बारीक. हॅकसॉचं ऐकून त्याने काउंटर दोन्ही हातांनी धरला.

“सर, नळी अठरा इंचांच्या खाली गेली तर तुम्ही तुरुंगात. एक केसभर खाली गेली तरी.”

“म्हणजे टॉलरन्स, चुकायची मुभा, एकाच बाजूला,” काका खूश होऊन म्हणाले. “उत्तम स्पेसिफिकेशन आहे. कोणी लिहिलं?”

“सरकारनं.”

“शक्य नाही.”

शेवटी साडेअठरा इंचांची तयार नळी घ्यायची ठरली. जुनी नळी तशीच जपून ठेवायची. मग डेलने बंदूक उघडून आतून एक लाकडी काडी बाहेर काढली. तो म्हणाला, ही बदकांसाठी असते. बदकांच्या शिकारीत कायद्याने बंदुकीत तीनच काडतुसं चालतात, म्हणून ही काडी घालून जागा अडवतात. घराच्या रक्षणासाठी ती काढून टाकतात लोक. मग पाच बसतात.

“म्हणजे बदकाला तीन संधी आणि चोराला पाच?” काकांनी थोडा विचार केला. “काडी परत घाला. तीनांत जमलं नाही तर आपली पात्रता नाही.”

नळीच्या टोकाशी एक टॉर्च मात्र त्यांनी हौसेने बसवून घेतला. तो इतका प्रखर होता की डेलच्या दुकानातल्या हरणाच्या डोक्याने डोळे मिचकावले असं मला वाटलं. डेलच्याच आग्रहाने ते नेमबाजीच्या रेंजवर जाऊन रीतसर शिकलेही. पहिला बार झाल्यावर सवयीने कागदी माणसाला “सॉरी” म्हणाले. खांदा निळा पडला. काकूंनी आंबेहळद लावली आणि काकांनी दस्त्याला रबराची गादी.

ऑक्टोबरात दसरा आला. दसऱ्याला काका आपल्या अवजारांची पूजा करत. पाटावर व्हर्निअर कॅलिपर, पाना, ड्रिल, गाडीची किल्ली. आपट्याऐवजी दारातल्या रेडबडच्या झाडाची, तशीच दिसणारी पानं. त्या वर्षी मधोमध बंदूक होती. अर्थात रिकामी, तीन वेळा तपासलेली आणि त्यावर सही केलेली. तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष खास दर्शनाला आले होते. ते दातांचे डॉक्टर. पण भगवा फेटा बांधला की त्यांना आपण कुठल्याही क्षणी घोड्यावर बसू असं वाटे. मंडळाच्या कार्यक्रमांत तीन वर्षं त्यांचं एकच भाषण ऐकून मला ते त्यांच्याहून चांगलं पाठ झालं होतं.

“वा, सरपोतदार!” ते म्हणाले. “आपलं क्षात्रतेज! आज हे शस्त्र जागं झालं! माझा एक फोटो...”

“बोट घोड्यावरून काढा,” काका म्हणाले.

“रिकामी आहे ना?”

“हो. पण तुम्ही माणूस आहात.”

अध्यक्षांनी बोट काढलं आणि राहिलेला आवेश अक्षतांवर काढला. ओंजळभर अक्षता, पाठोपाठ हळद, पाठोपाठ कुंकू. काडतूस आत जायची खिडकी नेमकी उघडी होती. काकूंनी वरून झेंडू ठेवला आणि नैवेद्य दाखवला.

दुसऱ्या दिवशी बंदुकीचा दांडा हलेना.

डेलने बंदूक पांढऱ्या कापडावर सुटी केली. आधी लाल पूड निघाली, मग पिवळी. मग त्याने चिमट्याने तांदळाचा एक दाणा उचलला, दिव्यासमोर धरला. मग आणखी एक. मग त्याने कापड झटकलं आणि चहाचा चमचाभर तरी तांदूळ खाली पडला. आमच्याकडे लग्नात डोक्यावर टाकतात, त्यांच्याकडेही टाकतात. त्याने फार सभ्य आवाजात विचारलं,

“सर, तुम्ही हिच्याशी लग्न केलंत का?”

काकांनी त्याला समजावलं की वर्षातून एक दिवस आम्ही अवजारं वापरत नाही; त्यांना नमस्कार करतो. भिंतीवरच्या आपल्या कानशी, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर यांच्याकडे डेलने एकदा पाहिलं. “हे बरोबर आहे,” तो म्हणाला. “आम्ही करायला पाहिजे होतं.” मग त्याने बंदूक साफ करून दिली आणि घोड्याच्या कडीला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधला : ‘नो राइस’.

या प्रकाराने काका मात्र हादरले. वस्तू आपल्या नकळत बिघडू शकते, तर आपल्या नकळत उडूही शकते. चौतीस वर्षांचा सेफ्टी व्हॉल्व्ह जागा झाला. पंधरवड्यात बंदूक तळघरातल्या पोलादी तिजोरीत गेली. तिला आकड्यांचं कुलूप. आत घोड्याला दुसरं कुलूप. काडतुसं वेगळ्या कपाटात आणि त्या कपाटाची किल्ली मसुराच्या डब्यात. मग तो चौदा पायऱ्यांचा कागद. काकांनी स्वतःची वेळ लावली : सहा मिनिटं चाळीस सेकंद.

“काका,” मी म्हटलं, “चोर एवढा थांबेल?”

“घाईत असेल तर तो काही नेणार नाही. निवांत असेल तर थांबेल.”

मी वाद घातला नाही. ज्या माणसाने आयुष्यभर काही उडू नये म्हणून काम केलं, त्याने बंदूक सुधारायला घेतल्यावर दुसरं काय होणार? पेनसिल्व्हेनियातली सगळ्यात सुरक्षित बंदूक तयार झाली होती. चोरासाठीसुद्धा.

थँक्सगिव्हिंगला निखिल आला. बरोबर त्या अपार्टमेंटचं चकचकीत पुस्तक. मलाही बोलावणं होतं. दुपारचे चार वाजले होते, डोंगरामागे ऊन गेलं होतं. घराला वास लागू नये म्हणून काकू तळण नेहमी मागच्या उघड्या लाकडी डेकवर करत. इलेक्ट्रिक शेगडी, कढई, अंगात निखिलचा जुना जाड पार्का कोट. बटाटेवड्यांचे दोन घाणे उतरले होते. आत काका निखिलला घराच्या सुरक्षेवर स्लाइड्स दाखवत होते. एकूण बत्तीस स्लाइड्स. आम्ही सातवीवर होतो. तेवढ्यात काकू दार उघडून आत आल्या, दार लावलं आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “अहो, बाहेर अस्वल आलंय.”

होतं. काळं, चांगलं ओट्याएवढं. डेकच्या पायऱ्या चढून ते वड्यांच्या ताटाकडे बघत होतं.

“माय गॉड. नाइन-वन-वन!” निखिल फोन शोधू लागला.

“कोणी हलू नका,” काका म्हणाले. चेहऱ्यावर कर्तव्य होतं. “पायरी एक.” ते शांत राहिले. “पायरी दोन.” चष्मा लावला. आणि तळघरात उतरले.

अस्वलाने पहिला वडा खाल्ला. तळघरातून तिजोरीचे टिक-टिक आवाज आले आणि मग एक लांब, नापसंतीचा सूर. पुन्हा टिक-टिक. पुन्हा सूर.

“शालन!” खालून हाक आली. “आकडा म्हणून आपल्या लग्नाची तारीख ठेवली होती ना?”

“मग?” काकू खिडकीतून अस्वलाकडे बघत होत्या.

“आधी दिवस की आधी महिना? अमेरिकन पद्धतीनं टाकली होती की आपल्या?”

“बाबा, आर यू सीरियस?” निखिल ओरडला.

“एकच ट्राय राहिलाय! चुकलं तर पाच मिनिटं लॉक होते! मीच तशी सेट केलीय!”

अस्वलाने वडे संपवले आणि तोंड कढईकडे वळवलं. कढई काकूंच्या आईची होती. बिडाची, सामानात गुंडाळून विमानाच्या सत्तर पौंडांच्या मर्यादेत बसवून आणलेली. काकूंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. त्यांनी ओट्यावरची मोठी परात उचलली, दुसऱ्या हातात लाटणं घेतलं, दार वीतभर उघडलं आणि परातीवर असा काही घाव घातला की माझ्या दाढा वाजल्या.

“हाड! हाड मेल्या! चल! तिकडे! लाज नाही वाटत?”

परात पुन्हा वाजली. अस्वलाने काकूंकडे पाहिलं. त्याला मराठी येत असावं. ते मागच्या मागे सरकलं, पायऱ्या उतरलं आणि वॉल्टच्या रिकाम्या अंगणातून धावत जंगलात गेलं.

काका वर आले तेव्हा काकू तिसरा घाणा सोडत होत्या. काकांच्या कानांवर कर्णरक्षक होते, एका हातात मसुराचा डबा. बंदूक नव्हती.

“कुठाय?”

“गेलं. बारा वडे घेऊन.”

“लॉक झाली,” काका म्हणाले. ते खुर्चीत बसले. लॅपटॉपवर सातवी स्लाइड अजून तशीच होती : ‘प्रतिसादाची क्षमता’. निखिलने ते चकचकीत पुस्तक हळूच टेबलावर सरकवलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी खिशातली पट्टी काढली, उलटसुलट केली, परत ठेवली. घर गेलं हे त्यांना कळलं होतं.

काकूंनी हात पुसत आत येऊन पुस्तक उघडलं. “कितव्या मजल्यावर आहे रे?”

“तिसऱ्या. व्ह्यू मस्त आहे, आई.”

“डेकवर तळता येतं?”

“नाही... म्हणजे, बाल्कनीत कुकिंग अलाउड नाही. सेफ्टी इश्यू.”

“मग मिटलं.” काकूंनी पुस्तक बंद केलं.

“आई, आत्ता अस्वल आलं होतं! तुला भीती नाही वाटत इथे?”

“तीन महिने वाटत होती,” काकू म्हणाल्या. “चोराची नाही रे. चोर काय नेणार, ह्यांच्या चिठ्ठ्या? मला भीती ह्यांची होती. कधीतरी काहीतरी खुट्ट वाजेल, हे घाईघाईत ती बंदूक बाहेर काढतील आणि पोस्टमनला लागेल. म्हणून ‘बघू’ म्हटलं होतं. आज बघितलं.” त्यांनी काकांपुढे वडा ठेवला. “ह्यांना ती काढताच येत नाही. आता मी निश्चिंत आहे. आपण कुठे जात नाही.”

काकांनी वडा उचलला. “फेल-सेफ,” एवढंच म्हणाले. म्हणजे बिघडली तरी अपाय न करणारी वस्तू; व्हॉल्व्हच्या भाषेत याहून मोठी स्तुती नाही.

पुढच्या वर्षी मला दुसऱ्या राज्यात, ॲन आर्बरला नोकरी मिळाली. निरोप घ्यायला गेले तो योगायोगाने दसरा होता. पाटावर व्हर्निअर, पाना, ड्रिल आणि मधोमध पोचा पडलेली परात, तिच्यावर आडवं लाटणं, दोन्हींना कुंकवाची बोटं. बंदूक अगदी कडेला होती. जुनी अठ्ठावीस इंचांची नळी परत चढवलेली, दस्त्यावर गंधाचा एक टिपका, ‘नो राइस’चा पुठ्ठा जागच्या जागी. “वॉल्टची आहे तशीच बरी,” काका म्हणाले. “हिला घरगुती करण्यात अर्थ नाही.”

“आणि तो टॉर्च, काका?”

टॉर्च वापरात होता. त्या सगळ्या सुधारणेतली तेवढी एकच वस्तू उपयोगी ठरली होती. त्यांचा ड्राइव्हवे अरुंद आणि उताराचा; पाहुण्यांच्या गाड्या मागे घेताना ते त्याचा झोत टाकत. मी निघाले तेव्हा दिवस मावळत आला होता. काका बिनबाह्यांच्या स्वेटरवर नारिंगी जाकीट घालून मागे उभे राहिले. जाकीट वॉल्टचं होतं, गुडघ्यांपर्यंत येणारं. चोरांना दिपवण्यासाठी घेतलेला तो उजेड माझ्या मागच्या काचेवर पडला; मी पूर्ण मागे वळून त्यांच्याकडे बघत होते.

“ये... ये... डावीकडे घे गं! तुझ्या नव्हे, माझ्या!”

मी त्यांचं डावं घेतलं. चाक गवतात गेलं. ते धावत खिडकीशी आले, चाकाकडे पाहिलं, खिशातून पट्टी काढून गवतातलं अंतर मोजलं.

“चूक माझी,” म्हणाले. “सूचना संदिग्ध होती. पुन्हा करू.”

पुन्हा केलं. वळणापर्यंत मला आरशात तो नारिंगी ठिपका दिसत होता, आणि त्याच्या हातातला उजेड : एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, मग ‘जा’.